कानाला खाट लागत नाही

पिवळे कार्ड, केशरी कार्ड, पांढरे कार्ड. त्यावर आधार कार्ड, आयुष्मान कार्ड, आणि सत्तरी ओलांडली असेल तर वय वंदना कार्ड. आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत आज इतकी कार्डे असतात की पत्त्यांचा डाव मांडावा. त्यातले कोणते कार्ड कुठल्या खिडकीवर चालते हे समजून घ्यायला बँकेत हयात घालवलेला माणूसही अपुरा पडतो, याचा अनुभव मी अलीकडेच घेतला. प्रश्न साधा होता. माझी थोरली बहीण नेवासा तालुक्यात दिलेली आहे. तिने फोनवर विचारले, "आरं, नेवाशात नाहीतर जवळपास कार्डावर कान तपासून मशीन देणारा कुणी डॉक्टर असला तर बघ ना. यांना आता काहीच ऐकू येत नाही."

'यांना' म्हणजे आमचे दाजी. वय चौऱ्याहत्तर. नगर जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्यात मिल हाऊसला तीस हंगाम काढून निवृत्त झालेले. त्यांना बहिरे म्हटले तर राग येतो, आणि तो राग रास्त आहे, कारण ते बहिरे नाहीत. त्यांना आवाज ऐकू येतो, शब्द ऐकू येत नाही. कुत्रे भुंकलेले कळते, ट्रॅक्टर आलेला कळतो, आक्काने हाक मारलेली कळते. ती काय म्हणाली ते कळत नाही. वयाबरोबर कान जातो तो आधी वरच्या पट्टीचा जातो. बोलण्यातला जोर स्वरांमध्ये असतो आणि ते खालच्या पट्टीतले असतात. पण शब्दाची ओळख पटवणारी स, श, ख, फ, थ ही व्यंजने वरच्या पट्टीतली आणि मुळात नाजूक. ती गळाली की 'साठ'चे 'आठ' होते, 'सात'चा 'हात' होतो. त्यातून अशा कानाचा आणखी एक चमत्कारिक स्वभाव असतो. हळू बोलले तर त्याला पोचत नाही, आणि आवाज चढवला तर एका मर्यादेनंतर तो एकदम टोचू लागतो. म्हणून घरोघरी तेच भांडण ऐकू येते. एकदा "जरा मोठ्याने बोल," आणि लगेच, "ओरडतेस कशाला?" दोन्ही तक्रारी खऱ्या असतात. सुनेला वाटते सासरे मुद्दाम करतात.

आंधळ्या माणसाला रस्ता ओलांडायला कुणीही हात देतो. कमी ऐकू येणाऱ्या माणसाला मात्र आपण हसतो. आपल्या तमाशातून, फार्सातून, विनोदी कथांतून बहिरा म्हातारा हे हुकमी हशाचे पात्र आहे. कादंबरीकार म्हणून मला त्यात नवल वाटत नाही. चुकीचे ऐकणे हे विनोदाचे तयार भांडवलच आहे. पण बँकेच्या काउंटरमागे बसल्यावर त्यातला विनोद फार टिकत नाही.

नेवाशाच्या शाखेत मी तीन वर्षे होतो. श्रावणबाळ योजनेचे पैसे जमा झाले की सकाळपासून ओटीवर रांग लागायची. (आता मनात येते ते असे की, श्रावणबाळाची मूळ कथा ही चुकीच्या ऐकण्याचीच कथा आहे. घागर भरल्याचा आवाज दशरथाला जनावर पाणी पिते आहे असा ऐकू आला आणि पुढचे सगळे रामायण घडले.) त्या रांगेत एक गोष्ट माझ्या लक्षात आली. ज्याला ऐकू येत नाही तो माणूस "काय म्हणालात?" असे एकदा विचारतो, फार तर दोनदा. तिसऱ्यांदा तो मान हलवतो. "बाबा, मुदत ठेवीत टाकू का?" मान. "नातवाच्या कर्जाला जामीन राहता ना?" मान. "हा विम्याचा हप्ता दरवर्षी भरावा लागेल, चालेल?" मान. अंगठा खरा, साक्षीदार खरे, कागदही कायद्याने पक्का. संमती तेवढी झालेली नाही. शिल्लक किती हे त्याला मोठ्याने सांगावे लागते, म्हणजे ती आधी रांगेला कळते, मग त्याला. अंध खातेदाराचे खाते कसे चालवावे यावर आम्हाला परिपत्रके येत. कमी ऐकू येणाऱ्या खातेदारासाठी आमच्यापाशी आवाज चढवणे एवढा एकच उपाय होता.

म्हणून आक्काचा फोन मी हलक्यावारी घेतला नाही. भावांची शेतजमीन, मुलांचे व्यवहार, सोसायटीचे कर्ज या सगळ्यांत दाजींची मान गेली दोन वर्षे नुसतीच हलत होती. आणि वैद्यकशास्त्र आता आणखी पुढचे सांगते. 'लॅन्सेट' या नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाने २०१७, २०२० आणि २०२४ अशा तिन्ही अहवालांत स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्यासारख्या कारणांमध्ये न हाताळलेल्या बहिरेपणाला वरचे स्थान दिले आहे. माणसांतून उठलेला माणूस हळूहळू स्वतःतूनही उठतो, असे आपल्या आजीच्या भाषेत त्याचे भाषांतर करता येईल.

तर कार्ड. आपल्या राज्यात २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढच्या वर्षी ती राज्यभर गेली, आणि २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. केंद्राची आयुष्मान भारत योजना २३ सप्टेंबर २०१८ ला आली आणि दोन्ही योजना एकत्र चालू लागल्या. १ जुलै २०२४ पासून रेशनकार्डाचा रंग न पाहता राज्यातल्या कुटुंबांना वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण मिळू लागले. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात सत्तरी गाठलेल्या प्रत्येकाला, मग तो श्रीमंत असो की गरीब, वय वंदना कार्डाचा हक्क मिळाला. दाजींपाशी दोन्ही होते. ही योजना कागदावरची नाही, हे मुद्दाम सांगतो. माझ्या ओळखीच्या किमान चार घरांत हृदयाच्या, मूत्रपिंडाच्या आणि कर्करोगाच्या उपचारांत तिने जमीन विकण्याची वेळ टाळली आहे. रुग्णालयात शिरताच आरोग्यमित्राचे टेबल शोधायचे आणि कार्ड पुढे करायचे, एवढे शहाणपण आता खेड्यापाड्यांतल्या बायकांनाही आहे.

पण ही योजना खाटेची आहे. माणूस दाखल झाला पाहिजे, निदान एखाद्या दिवसापुरता तरी, आणि त्याच्यावर यादीतला उपचार झाला पाहिजे. कानाचा पडदा फाटला असेल, मागचे हाड सडले असेल, तर त्याची शस्त्रक्रिया कार्डावर होऊ शकते. आयुष्मान योजनेत दाखल होण्यापूर्वीच्या तीन दिवसांतल्या आणि घरी सोडल्यानंतरच्या पंधरा दिवसांतल्या तपासण्या आणि औषधेही धरली जातात. पण ती त्या खाटेला बांधलेली असतात. दाजींच्या कानात कापण्यासारखे काही नव्हते. आतल्या शंखाकृती पोकळीतल्या सूक्ष्म पेशी झिजल्या होत्या आणि त्या परत येत नाहीत. त्यांना हवी होती पाऊण तासाची एक तपासणी, एक यंत्र, आणि ते यंत्र वरचेवर जुळवून देणारे माणूस. कानाला खाट लागत नाही. त्यामुळे पाच लाखांचे कार्ड हातात असून त्यातला एक रुपया या कामी येत नाही.

यात सरकारी योजनेलाच बोल लावण्याचे कारण नाही. आपल्याकडे १९८६ साली मेडिक्लेम आला, तेव्हापासून अशा पॉलिसींच्या बारीक टायपात 'चष्मा, कॉन्टॅक्ट लेन्स आणि श्रवणयंत्र यांचा खर्च वगळून' असे कलम सहसा असतेच. आम्हा निवृत्तांच्या सामूहिक विम्याच्या पुस्तिकेतही ते सापडले. चष्मा आणि श्रवणयंत्र एका ओळीत बसवणाऱ्याने दोन्हींच्या किमती एकदा शेजारी ठेवून पाहायला हव्या होत्या. चष्मा हजारात होतो. कानाचे यंत्र काही हजारांपासून लाखांपर्यंत जाते, आणि बहुतेकांना ते दोन लागतात.

दाजींच्या बाबतीत तर याहून विलक्षण गोष्ट निघाली. मिल हाऊस म्हणजे काय हे ज्याने पाहिलेले नाही त्याला सांगून कळणार नाही. उसाचे तुकडे करणारी पाती, रोलर, टर्बाइन, आणि हंगाम सुरू झाला की महिनोन्‌महिने रात्रंदिवस न थांबणारा घरघराट. तिथे माणसे हाताच्या खुणांनी बोलतात. आवाजामुळे येणारे बहिरेपण हा कारखाने कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात नोंदलेला व्यवसायजन्य आजार होता. मग कामगार विम्यातून काही मिळाले असते का? मी १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा काढून बसलो. तो हंगामी कारखान्यांना लागू नव्हता. आणि हंगामी कारखाना कोणता, याच्या व्याख्येत कॉफी, चहा, नीळ, लाख, रबर यांच्याबरोबर साखर आणि गूळ हे शब्द स्वच्छ लिहिलेले होते. म्हणजे शहरातल्या गिरणीतला कामगार विमाधारक, आणि ज्या जिल्ह्यात प्रवरानगरला सहकारी साखर कारखानदारी उभी राहिली त्या जिल्ह्यातला मिल हाऊसचा माणूस मात्र व्याख्येबाहेर. ऊस हंगामी असतो हे खरे. कान बारमाही असतो, याची नोंद व्याख्येत नाही.

हा पेच काही आपल्यापुरता नाही. अमेरिकेत ज्येष्ठांसाठी १९६५ साली मेडिकेअर योजना आली. डॉक्टरने निदानासाठी सांगितलेली कानाची तपासणी मूळ मेडिकेअरमध्ये बसते, पण श्रवणयंत्र तिने पहिल्या दिवसापासून कायद्यानेच वगळले आहे. जगातला सर्वांत श्रीमंत देश; तिथले म्हातारेही कार्ड हातात घेऊन श्रवणतज्ज्ञाचे दार शोधत फिरतात. उलट युद्धाने खंगलेल्या ब्रिटनने ५ जुलै १९४८ ला राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू केली तेव्हा दातांच्या कवळ्या आणि चष्म्यांबरोबर 'मेड्रेस्को' नावाचे सरकारने तयार करवून घेतलेले श्रवणयंत्रही फुकट द्यायला सुरुवात केली. ते अवजड होते, त्यासाठी रांगा लागल्या, तक्रारी झाल्या. तरीही तत्त्व ठरले ते ठरले. आजही तिथे यंत्र, त्याचे सेल आणि दुरुस्ती आरोग्य सेवेतून मिळते. सेलही, हे महत्त्वाचे. देशाची ऐपत किती यापेक्षा कानाला शरीराचा भाग मानायचे की चैनीचा, हे आधी ठरवावे लागते असे दिसते.

आक्काने फोन करण्यापूर्वी घरच्यांनी एक प्रयोग करून झाला होता. तालुक्याच्या एका गावात मंगल कार्यालयात 'मोफत श्रवण तपासणी शिबिर' लागले होते. पत्रकावर 'सर्व शासकीय योजनांचा लाभ' असे ठळक छापलेले. तिथे एका तरुणाने दाजींच्या कानाशी फोनसारखे काहीतरी धरले, दोन मिनिटांत "दोन्ही कान गेलेत" म्हणाला, आणि अठ्ठेचाळीस हजारांची जोडी दाखवली. योजना म्हणजे काय, तर कार्ड दाखवल्यास दहा टक्के सूट. दाजींनी नेहमीप्रमाणे मान हलवली. सुदैवाने पैशांची पिशवी आक्काजवळ होती.

इथे थोडे नावांचे शास्त्र सांगायला हवे, कारण फसवणूक बहुतेक नावांत होते. कान-नाक-घसा तज्ज्ञ हा डॉक्टर. तो रोग पाहतो, मळ काढतो, शस्त्रक्रिया करतो. श्रवणतज्ज्ञ, म्हणजे ऑडिओलॉजिस्ट, हा ऐकण्याचे मोजमाप करणारा आणि यंत्र बसवून देणारा. वाणी आणि श्रवण या विषयाची चार वर्षांची पदवी त्याने किंवा तिने घेतलेली असते. अशा माणसाचे नाव १९९२ च्या कायद्याने भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदवहीत असावे लागते आणि त्याला नोंदणी क्रमांक असतो. एक वर्षाची पदविका घेतलेले सहायकही असतात, त्यांचाही उपयोग आहे. आणि तिसरा तो विक्रेता. तिघांच्याही अंगावर पांढरा कोट असू शकतो. नोंदणी क्रमांक विचारण्यात कसलाही उद्धटपणा नाही. बँकेत आम्ही लोकांच्या सात पिढ्या विचारतो.

खऱ्या तपासणीची खूण म्हणजे शांत खोली. बाहेरचा आवाज आत येणार नाही अशा खोलीत बसवतात, कानांवर हेडफोन चढवतात, आणि निरनिराळ्या पट्ट्यांतले सूर, मोठ्यापासून बारीक होत जाणारे, ऐकवतात. ऐकू आला की बटण दाबायचे किंवा बोट वर करायचे. त्याचा आलेख निघतो. उजव्या कानासाठी लाल गोल, डाव्यासाठी निळी फुली. मग कानामागच्या हाडावर यंत्र टेकवून तेच पुन्हा करतात, म्हणजे दोष वाटेत आहे की आत, हे कळते. शेवटी साधे शब्द म्हणून दाखवतात. हा आलेख म्हणजे कानाचे पासबुक. त्याच्याशिवाय यंत्र विकणारा माणूस शिल्लक न पाहता चेक वटवणाऱ्यासारखा आहे.

आता नेवासा. गाव लहान नाही आणि आडवाटेलाही नाही. नगर आणि छत्रपती संभाजीनगर या दोन शहरांच्या साधारण मधोमध; फाट्यावर उभे राहिले की दोन्ही बाजू साठेक किलोमीटर. संकलियांनी १९५० च्या दशकात इथे उत्खनन करून माणसाच्या वस्तीचे अश्मयुगापासूनचे थर दाखवले. ज्ञानदेवांनी पैसाच्या खांबाला टेकून शके १२१२ मध्ये गीतेवरची टीका सांगितली ती इथेच, आणि ती सच्चिदानंदबाबांनी ऐकून लिहून घेतली. मराठीचा थोर ग्रंथ आधी एका माणसाच्या कानात उतरला, मग कागदावर, असा या गावाचा लौकिक. एकादशीला पैसाच्या देवळात कीर्तनाला दाजी अजून पुढच्या रांगेत बसतात. टाळ-मृदंग त्यांना ऐकू येतात. निरूपण येत नाही. ते म्हणतात, "बसल्याचं पुण्य तर हाय."

अशा गावी कार्डावर मशीन देणारा श्रवणतज्ज्ञ शोधायला मी निघालो आणि चार दिवसांत माझ्या लक्षात आले की प्रश्नच फिरवून विचारायला हवा. 'कार्ड कोण घेतो?' असे विचारून उपयोग नाही. कार्डाचा इथे संबंधच येत नाही. विचारायचे ते असे : सरकारी पगारावर श्रवणतज्ज्ञ कुठे बसतो? तिथे कार्ड लागत नाही, केसपेपर लागतो. याचे उत्तर मग सरळ आहे. राष्ट्रीय बधिरत्व प्रतिबंध आणि नियंत्रण कार्यक्रम २००६ मध्ये सुरू झाला, त्याच्या आखणीत जिल्हा रुग्णालयात कानाचा डॉक्टर, श्रवणतज्ज्ञ आणि तपासणीची खोली धरलेली आहे. म्हणजे नेवासेकरांसाठी एक दार नगरचे सिव्हिल. दुसरे दार संभाजीनगरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, आपल्या सगळ्यांचे 'घाटी'. वैद्यकीय महाविद्यालय म्हटले की कान-नाक-घसा विभाग आलाच. श्रीरामपूरमार्गे लोणीला आणि नगरजवळ विळद घाटात धर्मादाय संस्थांची वैद्यकीय महाविद्यालये आहेत, त्यांच्या बाह्यरुग्ण विभागाची चौकशीही करून ठेवावी. आणि फारच अवघड असेल तर मुंबईत वांद्र्याला १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था आहे. या विषयातले ते माहेरघर.

पण या सगळ्याच्या आधी नेवाशाच्या ग्रामीण रुग्णालयाची पायरी चढावी. कानात घट्ट मळ बसला असेल तर साठ किलोमीटर जाऊन पुन्हा "मळ काढून या" हेच ऐकायचे. दाजींच्या एका कानातून निघालेला मळ पाहून आक्काने कपाळाला हात लावला. त्या चिठ्ठीवर पुढे पाठवले की काम सोपे होते. निघताना मात्र त्या दिवशी श्रवणतज्ज्ञ आहेत का, हे फोन करून विचारावे. वार ठरलेले असतात, पद रिकामे असू शकते, आणि आपल्याकडे 'साहेब मीटिंगला गेलेत' हा सर्वकालीन आजार आहेच.

आमचे आम्ही एका मोठ्या सरकारी रुग्णालयात गेलो. रांग होती, उशीर झाला, पण तपासणाऱ्या मुलीने दाजींना घाई केली नाही. आलेख निघाला : दोन्ही कानांत चोपन्न-पंचावन्न डेसिबलची घट. इथे दुसरा पेच पुढे आला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे दोन्ही कानांत साठ ते सत्तर डेसिबल गमावलेला तो 'ऐकण्यास कठीण', सत्तरच्या वरचा तो बधिर. दाजी साठाच्या अलीकडे. घरात बोलणे बंद पडण्याइतके ते बहिरे होते. कायद्याला पुरतील इतके नव्हते. म्हणून दिव्यांग प्रमाणपत्र नाही, आणि त्या प्रमाणपत्रावर मिळणारे यंत्र नाही.

उरल्या त्या म्हातारपणाच्या योजना. केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ पासून आहे; कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांना काठी, चष्मा, कवळी, श्रवणयंत्र अशा वस्तू शिबिरांतून मिळतात. ते शिबिर आपल्या तालुक्यात येईपर्यंत वाट पाहावी लागते, एवढेच. राज्याने २०२४ मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना काढली. पासष्ट वर्षांवरील, दोन लाखांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्यांना अशाच साधनांसाठी एकदाच तीन हजार रुपये थेट खात्यात. अर्ज समाजकल्याण खात्याकडे. दाजींना ते मिळाले. त्यात मुलाने नऊ हजार घातले आणि एका कानाचे साधे डिजिटल यंत्र झाले. दोन कानांचे झाले असते तर बरे; पण बियाणे-खतांचे दिवस होते.

लोकांना वाटते यंत्र आणले की काम संपले. खरे काम तिथून पुढे असते. इतकी वर्षे जे आवाज मेंदूने सोडून दिले होते ते एकदम परत येतात : भांड्यांचा खणखणाट, पंख्याची कुरकुर, स्वतःच्याच चपलांचा आवाज. माणूस वैतागतो आणि यंत्र कपाटात ठेवतो. महाराष्ट्रातल्या कपाटांत अशी किती यंत्रे झोपली असतील! पहिल्या काही महिन्यांत तीन-चार वेळा तरी श्रवणतज्ज्ञाकडे जाऊन ते जुळवून घ्यावे लागते. कानाच्या मापाचा साचा बोचत असेल तर तो घासून घ्यावा लागतो. दाजींना एसटीत अर्धे तिकीट, २०२३ पासून आक्कालाही अर्धे. तरी प्रत्येक खेप म्हणजे एक अख्खा दिवस, आणि गाई-म्हशींची धार कुणावर तरी सोपवणे. चौथ्या खेपेला माणूस जात नाही. नळीत घाम साचतो, सेल संपतो. हे सेलही कळून घेण्यासारखे : पाठीवरचा रंगीत कागद काढला की आत हवा जाते आणि सेल सुरू होतो, मग यंत्र वापरा की नका वापरू, तो आठ-पंधरा दिवसांत उतरणारच. दाजींनी पहिल्या पाकिटाचे सगळे कागद एकदम काढून ठेवले होते, 'वेळेला शोधाशोध नको' म्हणून.

म्हणून मला वाटते की कार्डाची मर्यादा पाच लाखांवरून सात लाख केल्याने या माणसांचे काही होणार नाही. त्यांना अंतर कमी करून हवे आहे. जिल्हा रुग्णालयातला किंवा कंत्राटी श्रवणतज्ज्ञ आठवड्यातून एक दिवस, बाजाराच्या दिवशी, नेवाशाच्या ग्रामीण रुग्णालयात बसला; एक खोली आवाजबंद करून दिली, साचे घासायचे साधन आणि सेलचा डबा तिथे ठेवला, तर त्याला ना नवी योजना लागते ना नवे नाव. डोळ्यांच्या बाबतीत आपण हे करून दाखवले आहे. मोतीबिंदूची शिबिरे, नेत्र तपासणी, चष्मे हे खेड्यापर्यंत पोचले, कारण कुणीतरी ते ठरवले. २०१८ नंतर उपकेंद्रांची आरोग्य मंदिरे झाली त्यांच्या सेवांच्या यादीत कान-नाक-घसा हे शब्द आहेत. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयाला रुग्ण कल्याण समिती असते. तिच्या बैठकीत रंगरंगोटी आणि पाण्याची टाकी यांच्या खालोखाल हा एक विषय घालायला गावातल्या निवृत्त मास्तरांनी, माजी सरपंचांनी हरकत नसावी. त्यांतल्या निम्म्यांना तरी स्वतःसाठी तो लागणार आहे.

म्हाताऱ्यांचे एक वेळ निभते. त्यांच्याजवळ शब्दांचा साठा आधीचा असतो. जन्मतः कमी ऐकणाऱ्या बाळाजवळ तोही नसतो, आणि भाषा शिकण्याची पहिली चार-पाच वर्षे परत मिळत नाहीत. त्याच्यासाठी सरकारी दार जरा रुंद आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात पालघरला सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बधिरत्व तपासणीच्या यादीत आहे. त्याचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा यायचे असते, आणि पुढचे उपचार जिल्ह्याच्या केंद्रात मोफत असतात. अगदीच ऐकू न येणाऱ्या लहान मुलांसाठी कानात बसवायच्या कॉक्लिअर इम्प्लांटचा काही लाखांचा खर्च केंद्राच्या साधन-साहाय्य योजनेतून होऊ शकतो, पण वयाची मर्यादा कडक आहे. जन्मजात दोषाला ती पाच वर्षांच्या आसपास संपते. 'मुलगा उशिरा बोलतो, त्याचा बापही उशिराच बोलला होता' असे म्हणता म्हणता ती निघून जाते. घरात तान्हे बाळ असेल तर ते झोपेत असताना पाठीमागे वाटी पडली तर दचकते का, सहा महिन्यांचे असताना हाकेकडे मान वळवते का, वर्षाचे असताना आपल्या नावाला ओळखते का, एवढे पाहून ठेवा; आणि पथक येईल त्या दिवशी त्याला शेतावर नेऊ नका.